काडतुसाच्या केसेस (पितळी पुंगळ्या) अनील करायला, म्हणजे तापवून मऊ करायला घेताय? आधी एवढंच

चांगलं केलंत, केसच्या मानेला (गोळी धरणाऱ्या तोंडाला) तडे जायच्या आधी विचारलंत. केस पुन्हा पुन्हा भरून झाडली की मानेचं पितळ कडक होतं. ते मऊ करण्यासाठी हा खटाटोप. लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याच्या केसेसच्या मानेवर निळसर पट्टा दिसतो ना, तो कारखान्यातल्या अनीलिंगचाच. म्हणजे कोऱ्या केसेसना घाई नाही.

- तापवायचं फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतार). बूड कधीच नाही! सगळा दाब तेच पेलतं. चुकून तापलं तर केस थेट भंगारात, हळहळ नको.
- केस रिकामी आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढलेली हवी.
- नजरेवर विसंबू नका. ७५० फॅरनहाइटचं टेम्पिलॅक (ठरावीक तापमानाला वितळणारा लेप) मानेच्या आत लावा. वितळलं की केस ज्योतीबाहेर. उजेड मंद ठेवा. मान लालभडक दिसली म्हणजे अती झालं, आणि नवशिके बहुतेक इथेच घसरतात.

तापलेली केस पाण्यात टाकल्याने पितळ कडक होत नाही, उष्णता बुडाकडे सरकायची तेवढी थांबते. टाकलीत तर आतून पूर्ण वाळवा.

महागडं इंडक्शन मशीन राहू द्या. प्रोपेनचा टॉर्च, केस फिरवायला ड्रिलला लावलेलं सॉकेट आणि टाकाऊ केसेस, एवढ्यावर हात बसतो.