चिन ना: पंचवीस लॉक पाठ, पण एकही लागत नाही

चिन ना या चिनी युद्धकलेच्या दोन दिवसांच्या शिबिरात पंचवीसेक लॉक, म्हणजे सांधा पिळून माणसाला जखडायच्या पकडी, शिकलात, वहीत चित्रंही काढलीत. घरी येऊन धाकट्या भावाला म्हणालात, "धर माझं मनगट", आणि एकही लागला नाही. तो नुसता हसला. आता आणखी व्हिडिओ बघू की दुसरे सर शोधू, असा तुमचा प्रश्न. माझं ऐकाल तर दोन्ही नको. पंचवीसपैकी बावीस तूर्त विसरा.

भाऊ सुटला, कारण तो तयारीत होता आणि तुम्ही त्याला हलवलंच नाहीत. चिन ना म्हणजे धरणं आणि ताब्यात ठेवणं. ही सहसा वेगळी शैली नसते. ताई ची, श्वेत बगळा, गरुडपंजा अशा चिनी युद्धशैलींच्या पोटातच ती असते, त्यामुळे लॉकच्या आधी धक्का, फटका किंवा पायात पाय असं काहीतरी येतं. समोरच्याचा तोल गेला की त्याचं लक्ष तिकडे जातं आणि तेवढ्यात मनगट तुमचं होतं. ठाम उभ्या माणसाचं मनगट पिळायला गेलात तर ती पंजाची कुस्ती होते, आणि त्यात दांडगाच जिंकणार.

आता एकच लॉक नीट बघू: शिआव छान स, म्हणजे रेशमाचा छोटा वेढा. भावाने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय. डाव्या तळव्याने त्याचा पंजा तुमच्याच मनगटावर दाबून धरा. उजवा हात बाहेरून वर फिरवत त्याच्या मनगटावर आणा. त्याची करंगळी वर आली पाहिजे आणि कोपर वाकलेला राहिला पाहिजे. मग तुमच्या उजव्या हाताची कड खाली आणि त्याच्याच पोटाच्या दिशेने उतरवा. नुसतं खाली दाबलंत तर तो सहज हात काढून घेतो.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते ढिलीपाशी. पंजा आणि मनगट यांच्यात बोटभर जागा उरली तरी सगळा पीळ त्यातच मुरतो. चादर दोघांनी पिळताना एकाने टोक सैल धरलं तर पाणी निघतं का? तसंच हे. आधी ढील काढायची, मग पीळ द्यायचा, तोही खांद्यातून नाही, कंबरेतून. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी नुसता दंडाच्या जोरावर झटापट करायचो.

आणि तो कोपर ताठ करून सुटू पाहील तेव्हा मनगटाचा हट्ट सोडा. ताठ झालेला कोपर म्हणजे पुढचा लॉक आयता हातात आला. मनगट धरून ठेवा आणि कोपराच्या किंचित वर, दंडाच्या बाजूने दाब द्या. चांगले शिक्षक असे दोन-तीन लॉक एकत्रच शिकवतात, सुटे नाही. समोरचा कुठे जातोय हे कातडीला कळावं म्हणून ताई चीत थुई शोउ, म्हणजे हातांना हात टेकवून ढकलण्याचा सराव असतो. तुमच्या वर्गात तो होत असेल तर चुकवू नका. शिबिरापेक्षा तिथे जास्त शिकाल.

वुशू, म्हणजे चिनी युद्धकलांचा खेळ, शिकवणाऱ्या क्लबात सांडा (ठोसे, लाथा आणि पाडण्याची लढत) खेळणाऱ्यांकडून हे शिकायची अपेक्षा ठेवू नका. सांडाच्या नियमांत सांध्यांचे लॉक बसतच नाहीत. उलट ज्यांना माणूस न मारता धरायचा असतो त्यांना हे लागतं. 1936 साली चीनच्या चच्यांग प्रांतातल्या पोलीस अकादमीसाठी लिउ चिनशंग यांनी चिन नावर पाठ्यपुस्तक लिहिलं ते त्यासाठीच. गरुडपंजावाले 108 पकडींचा संच सांगतात. पण पकड यावी म्हणून ते मडक्याचा काठ बोटांनी धरून उचलतात आणि मडक्यात हळूहळू वाळू वाढवत नेतात. त्या कंटाळवाण्या भागाचे व्हिडिओ फारसे कोणी बघत नाही.

एक तक्रार. तुमच्या शिबिरात बोटांचे लॉक पहिल्याच दिवशी शिकवले, हे मला पटलं नाही. बोटाचा सांधा दुखायला लागल्यापासून अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) ताणला जाईपर्यंत क्षणभरसुद्धा मिळत नाही. अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो भरूनही सावकाश येतो. माझ्याच घाईने एकदा जोडीदाराचं मनगट सुजलं. त्यानंतर कित्येक आठवडे त्याला बादली उचलता येत नव्हती, आणि मी त्याच्या घरी जायला कचरत होतो.

म्हणून आधी लॉक लावून घ्यायला शिका. जाणत्या जोडीदाराला सावकाश लावू द्या, दुखण्याच्या अलीकडे थाप मारा, म्हणजे 'सोड' अशी खूण करा, आणि त्याने पीळ कुठून दिला ते लक्षात ठेवा. तीन महिने हा वेढा, कोपराचा लॉक आणि हात पाठीमागे वळवून खांद्यावर येणारा, एवढे तीनच करा. भावावर मात्र तूर्त नको. त्याला थाप कधी मारायची हे माहीत नाही आणि तुम्हाला कुठे थांबायचं ते.