सात रात्री नुसतं पाणी

प्रश्न: माझे सासू-सासरे सध्या लंडनला दिरांकडे आहेत. तिथून न्यू जर्सीला नणंदेकडे जायला सासऱ्यांनी हौसेने साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ‘क्वीन मेरी २’ या बोटीचं बुकिंग केलंय. सासूबाई शाकाहारी, त्यात एकादशी वाटेतच येतेय. सासऱ्यांना मधुमेह. वेळ कसा जाईल? सोबत काय द्यावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, वेळेची काळजी सोडा, तो उलट वाढतो. पश्चिमेला जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. इंग्लंड-न्यूयॉर्कचा पाच तासांचा फरक असा हप्त्याहप्त्याने फिटतो. म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे! वयस्कर मंडळी मग पहाटे चारलाच टक्क जागी. मी बोटीवर केबिन स्ट्युअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा, होतो तेव्हा अशी जोडपी रोज चहा शोधत फिरताना दिसायची. सासऱ्यांचं मात्र गमतीवारी नेऊ नका. इन्सुलिन असेल तर वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

जेवणाचं पहिल्याच संध्याकाळी हेडवेटरला सांगावं. भटारखान्यात आपली माणसं बहुतेक असतातच. आदल्या दिवशी शब्द टाकला तर डाळ-भाजी होते. साबुदाण्याची खिचडी मात्र मागू नये. फळं, दही, उकडलेला बटाटा यावर एकादशी छान निभते. कोरडा फराळी चिवडा द्या. पाणी तापवायची कॉइल नि इस्त्री अजिबात देऊ नका. बोटीवर आगीला सगळ्यात जास्त घाबरतात, त्यामुळे चढतानाच त्या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. कपडे धुवायला, इस्त्रीला लाँड्री आहे. तिथे मशीनवरून बायकांची जुंपते, सासूबाईंना करमणूक तीच.

केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध मिळाली तर घ्यावी, हेलकावे कमी लागतात. लिफ्टजवळच्या कठड्याला कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या की समजायचं, समुद्र खवळणार. डॉक्टरांनी दिलेली गोळी तेव्हाच घ्यायची, उलटी झाल्यावर नव्हे. आलेपाक द्याच, पण साखर असते, सासऱ्यांपासून लांब ठेवायला सांगा. न्यूफाउंडलंडच्या बाजूला धुकं दाटतं. मग भोंगा दर दोन मिनिटांच्या आत एकदा लांब वाजतो, अगदी रात्रीसुद्धा. घाबरू नये. सात आखूड आणि एक लांब असा वाजला तरच लाइफजॅकेट घेऊन नेमलेल्या जागी जायचं. ते कुठे, हे सुरुवातीच्या कवायतीत दाखवतात.

बाकी भलंमोठं वाचनालय आहे, तारांगण आहे, दुपारी कॅप्टन स्पीकरवरून बोट कुठे पोचली ते सांगतो. कुत्र्यांचीही वेगळी सोय आहे. त्यांना पाय वर करायला इंग्लंडचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा आग विझवायच्या पाण्याचा नळ उभा केलाय!

न्यूयॉर्कला उतरताना पर्समध्ये सफरचंदही नको, ताजी फळं तिथे आत नेऊ देत नाहीत. चिवडा उरला तर कस्टम्सला सांगायचा. आणि शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे आणि गोळ्या मागे ठेवायला बजावून सांगा. एका गृहस्थांनी सगळंच भरून टाकलं होतं, पँटसकट. धक्क्यापर्यंत ते माझ्या पँटवर गेले, आणि ती त्यांना घोट्याच्या वर येत होती.