द्राक्षबागायतदार वडिलांचा प्रश्न: पोरीनं फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये जावं का?

निफाड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.कॉम. झाली, बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे दुसऱ्याचा माल परदेशी पोचवायची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशनच्या (कागदपत्रांच्या) मुलाखतीला बोलावलंय. ते लिहितात, 'दलालांनी आम्हाला आयुष्यभर नाडलं. आता पोरीनंही तेच करायचं का?'

भाऊ, तुमचा राग मला कळतो. पण दोन वेगळी माणसं तुम्ही एका दावणीला बांधलीत.

गाडी लागली की तुम्ही ज्याला फोन करता, तो ब्रोकर. तो मालवाला आणि गाडीवाला यांची गाठ घालून देतो आणि मधलं कमिशन घेतो. माल त्याच्या ताब्यात येत नाही. तेही काम प्रामाणिकपणे करता येतं. अमेरिकेत तर अशा ब्रोकरला परवाना घेऊन ७५ हजार डॉलरची हमी ठेवावी लागते.

फॉरवर्डरचं काम याच्या पुढचं. तुमच्या पेट्या भरून रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला सील लागलं, की न्हावा शेव्यापासून रॉटरडॅमपर्यंत त्याच्यामागे तो लागलेला असतो. जहाजावर जागा धरायची, कट-ऑफच्या (बंदरानं दिलेल्या शेवटच्या वेळेच्या) आत कंटेनर बंदरात घालायचा, कस्टमचं काम सीएचएकडून, म्हणजे कस्टमच्या परवानाधारक एजंटाकडून, करून घ्यायचं. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले. तेव्हा द्राक्षवाल्यांना नवं गणित मांडून देणारा हाच माणूस होता.

जहाजावर चढवलेल्या मालाची पावती आणि वाहतुकीचा करार असलेला कागद म्हणजे बीएल (बिल ऑफ लॅडिंग). चांगला फॉरवर्डर तुम्हाला स्वतःच्या नावाने बीएल देतो, तो हाऊस बीएल. शिपिंग लाईनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, मास्टर बीएल त्याच्या नावावर निघतो. म्हणजे माल पोचवायची जबाबदारी तो कागदावर घेतो. त्यासाठी १९९३च्या मल्टिमोडल (एकाहून जास्त प्रकारच्या वाहनांनी माल नेण्याच्या) कायद्याखाली डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याकडे, नोंदणी लागते. मुलाखतीत पोरीनं हे जरूर विचारावं: कंपनी स्वतःचा हाऊस बीएल काढते का? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी कंपनी बघावी.

आता तिचं टेबल. बीएलचा ड्राफ्ट समोर येतो. कंटेनर नंबरात चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे तिथली चूक सिस्टीम बहुतेक वेळा पकडते. माल घेणाऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं, तर ते कोणतीच सिस्टीम सांगत नाही. बँक कागद परत करते, कंटेनर परक्या बंदरात विजेच्या प्लगला लावून पडून राहतो, रोजचं भाडं चढतं आणि आत तुमची द्राक्षं असतात. ते अक्षर पोरीच्याच नजरेला दिसायला हवं. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

सुरुवातीचा पगार बेताचा असेल आणि हंगामात रात्री उशीर होईल, हे आधीच सांगते. राहायची सोय ऑफिसजवळच बघा. पुढे कस्टमची ओढ वाटली तर सीएचएच्या ऑफिसात जावं: आधी एच कार्ड, मग परीक्षा देऊन जी कार्ड (सीएचएच्या माणसांना कस्टमकडून मिळणारी ही ओळखपत्रं). पदवी आहेच, त्यामुळे अनुभवानंतर स्वतःच्या सीएचए लायसन्सच्या परीक्षेलाही बसता येईल.

मुलाखतीआधी एक करा. गेल्या हंगामातल्या तुमच्या एका कंटेनरच्या बीएलची प्रत एक्सपोर्टरकडून मागून घ्या आणि दोघं मिळून ओळन् ओळ वाचा.