पहिल्यांदा गाडी घसरली? आधी हे बघ
अरे, वळणावर वाळूत ब्रेक दाबून पडलास, गुडघ्याला लागलं आणि आता गाडीच विकायची म्हणतोस? वळणावर वाळूत पुढचा ब्रेक दाबला की हँडल हातातून जातंच, नवीन असताना खूप जणांचं हेच होतं, गाडी विकायचं डोक्यातून काढ. आधी हेल्मेट बघ. डोकं आपटलं असेल तर वरून चांगलं दिसलं तरी बदल, आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही. हँडल, ब्रेक लिव्हर मेकॅनिकला दाखव.

मग एवढंच:
- स्पीड वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही
- नजर खड्ड्यावर नको, जायचंय तिकडे ठेव
- सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायची सवय लाव, नवीन पोरं घाबरून नुसता मागचा दाबतात आणि चाक लॉक होतं

पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा घाट नको. आणि गुडघा पूर्ण बरा होऊ दे रे, मग सकाळी रिकाम्या ग्राउंडवर सुरू कर.