झाकण मिटलं, मीटर चालूच

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी भाषांतरकार आहे. माझं निम्मं काम रेल्वेगाडीत, स्टेशनावर आणि लोकांच्या कचेऱ्यांबाहेरच्या बाकांवर होतं. म्हणून दहा महिन्यांपूर्वी मोबाइल कंपनीच्या दुकानातून नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, घेतलं. दहा इंची पडदा, आत ३जी मोडेम, बॅटरीखाली सिमची खाच. यंत्राचे पैसे अगदी नावाला. अट एकच : दोन वर्षं त्यांचाच डेटा प्लॅन, महिना ५ जीबी. दुकानातला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, ५ जीबी संपता संपत नाही." संपले.

मागच्या महिन्याचं बिल ५,६१२ एमबीचं आलं. वरच्या ६१२ एमबीची आकारणी महिन्याच्या भाड्याच्या अडीचपट! म्हणजे पहिले पाच हजार मातीमोल आणि नंतरचे सहाशे सोन्याचे. बरं, मी डोळे मिटून वापरत नाही. कंपनीनेच दिलेल्या कनेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणी दिसते, ती रोज रात्री वहीत उतरवते. महिनाअखेर तिथे ४.७१ जीबी होतं. शेवटच्या दिवशी तर मी उरलेल्या ०.२९ मध्ये एक स्कॅन पाठवून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

भांडून तपशील मागवला. ३१ पानं, साधारण अकराशे ओळी. बहुतेक ओळींत १ एमबी, कुठे २, कुठे ७. आणि एका ओळीत पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी २१४ एमबी! त्या रात्री साडेअकराला मी झाकण मिटून नेटबुक चार्जिंगला लावलं होतं. मी झोपेत भाषांतर करत नाही.

कस्टमर केअर म्हणतं, यंत्रात व्हायरस असेल, बनवणाऱ्या कंपनीकडे जा. ते म्हणतात, मोडेमचं सॉफ्टवेअर मोबाइल कंपनीचं, त्यांनाच विचारा. वैतागून मैत्रिणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, तर यंत्र कोड मागत बसलं. सॉफ्टवेअरमध्ये म्हणे वापराची मर्यादा ठरवता येते. ती खिडकी उघडते, आकडा टाकते, पण 'ओके'चं बटण पडद्याच्या खाली गेलेलं. खिडकी वर सरकवली की परत खाली येते.

बिल भरू का? पहाटे तीनला जागं कोण होतं? आणि हे यंत्र माझं आहे की कंपनीचं?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : "बहुतेक ओळींत १ एमबी." हे सदर सुरू करण्याआधी मी नऊ वर्षं एका मोबाइल कंपनीच्या बिलिंग विभागात काढली, त्यामुळे अशा पानांवर नजर आधी दशांशचिन्ह शोधते. बिलातल्या ओळींचे म्हणून तुम्ही दिलेल्या एकाही आकड्यात ते नाही. ३१ पानं पुन्हा चाळा. कुठेही ०.३ किंवा १.६ दिसलं नाही, तर प्रत्येक सेशन पुढच्या पूर्ण एमबीवर नेऊन ठेवलेलं आहे असं समजा.

सेशन म्हणजे काय, तर मोडेम नेटवर्कला जोडला गेला की एक नोंद उघडते आणि जोडणी तुटली की मिटते. घरी बसून काम करणाऱ्याच्या दिवसभरात अशा चार-पाच नोंदी होतील. तुमच्या अकराशे ओळी म्हणजे रोजच्या ३७ झाल्या. चालत्या गाडीत बोगदा आला, सिग्नल गेला, सेशन तुटलं. सॉफ्टवेअर तत्परतेने परत जोडणार, की नवी ओळ. त्यात नुसती मेलबॉक्स उघडून बघितली आणि ०.२ एमबी गेले, तरी बिलात १. दर ओळीमागे सरासरी अर्धा एमबी वाया गेला असं धरलं, तरी अकराशे ओळींचे ५५० एमबी होतात. हे ५५० एमबी तुम्ही वापरलेच नाहीत. ते तुटण्याचे पैसे आहेत.

आता वहीकडे वळू. तुमचं सॉफ्टवेअर जवळजवळ नक्कीच १,०२४ च्या हिशेबाने जीबी मोजतंय (१,०२४ बाइटचा केबी, १,०२४ केबीचा एमबी, १,०२४ एमबीचा जीबी) आणि बिल १,००० च्या. एका हिशेबाने ५ जीबी म्हणजे ५०० कोटी बाइट, दुसऱ्याने सुमारे ५३७ कोटी. फरक सात टक्क्यांचा. तुमचे ४.७१ जीबी बिलाच्या भाषेत ५,०५७ एमबी होतात. म्हणजे तुम्ही पाठ थोपटत होतात तेव्हा मर्यादा ओलांडून गेली होती. ५,०५७ मध्ये वरचे ५५० मिळवा : ५,६०७. बिल ५,६१२ चं. अर्धा एमबी हा माझा अंदाज असल्यामुळे इतकं नेमकं जुळण्यात थोडं नशीबही आहे, पण व्हायरस शोधायची गरज मला दिसत नाही. दोन्ही मीटर आपापल्या जागी खरे आहेत, फक्त त्यांची मापं वेगळी आहेत आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

या जुळणीतून पहाटेच्या २१४ एमबीचाही माग लागतो. ते जर बिलिंगच्या चुकीने चढले असते, तर तुमच्या वहीत नसते आणि हिशेब तेवढ्याने कमी पडला असता. तो पडत नाही. म्हणजे डेटा तुमच्याच नेटबुकने ओढला. वेळेबद्दल मात्र थोडं सावध राहा. लांब चाललेलं सेशन ठरावीक तासांनी किंवा ठरावीक बाइटनंतर नेटवर्क स्वतःच कापतं आणि नवी नोंद उघडतं, त्यामुळे छापलेली वेळ आणि प्रत्यक्ष डेटा गेल्याची वेळ वेगळी असू शकते. पण पहाटे तीन हा आकडा वाचून मला हसू आलं. तुमच्या नेटबुकवर विंडोज एक्सपी असेल, तर त्यात अपडेट बसवण्याची ठरवून दिलेली वेळ रोज पहाटे तीनची असते. उतरवून घेण्याचं काम त्याआधी, लाइन मोकळी दिसेल तेव्हा, गुपचूप चालू असतं. त्यात अँटिव्हायरसची भर.

"झाकण मिटलं होतं" हे खरं, पण झाकण मिटल्यावर काय करायचं हे यंत्राला सांगावं लागतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'काहीही करू नका' असं निवडलेलं असेल तर फक्त पडदा विझतो. आतलं सगळं जागं राहतं, मोडेमसकट. खात्री करायची असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'विंडोजअपडेट डॉट लॉग' नावाची फाइल आहे. त्या तारखेपर्यंत खाली जा. किती वाजता काय उतरवलं, ते तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं. भाषा रुक्ष आहे, पण तुम्ही भाषांतरकार आहात.

मग करायचं काय? झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' निवडा, म्हणजे चालू काम जपून यंत्र पूर्ण बंद होईल. अपडेट 'उतरवण्याआधी विचारा' वर ठेवा आणि कुठे वायफाय मिळेल तेव्हा एकदम उरका. कनेक्शनच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप परत जोडण्याची खूण काढा. तिथेच काही मिनिटं काम दिसलं नाही तर लाइन तोडण्याची एक 'काटकसरीची' सोय असते, ती तुम्हाला महागात पडते. परत जोडलं की नवी ओळ, नवा पूर्ण एमबी! गाडीत असताना मोडेम बंद ठेवून लिहा आणि स्टेशन आलं की एकदाच जोडून सगळं पाठवा. एका जोडणीत दहा मेल गेल्या तर एकदाच पुढच्या एमबीवर ढकललं जाईल.

मेलचं निघालं म्हणून सांगतो. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. तुमचा ९ एमबीचा स्कॅन १२ एमबी होऊन जातो. मधेच लाइन तुटली तर बहुधा पहिल्यापासून जातो, आणि आधी गेलेले एमबीही मोजलेलेच असतात. पाठवलेलं मोजत नाहीत असा एक गोड गैरसमज आहे. येणारं आणि जाणारं, दोन्ही मोजतात. स्कॅन रंगीत ऐवजी कृष्णधवल केला तरी पुष्कळ फरक पडेल.

दुकानातल्या मुलाच्या "संपता संपत नाही" बद्दल एवढंच सांगतो : तुमच्या नेटबुकच्या डब्यावर मोडेमचा वेग बहुधा ३.६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबिट, असा लिहिलेला असेल. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तो झाला मिनिटाला २७ एमबी. जाहिरातीतला वेग खरंच मिळाला, तर महिन्याचे ५ जीबी तीन तासांच्या आसपास संपतील. तो मिळत नाही म्हणून तुमचे महिनाभर पुरतात, हे कंपनीचे उपकारच म्हणायचे.

यंत्र कोणाचं, हा प्रश्न नाजूक आहे. नेटबुक तुमचं आहे, आतला मोडेम त्यांच्या कुलपात आहे. सिम लॉक असतं ते मोडेमला. सिमवरचा कंपनीचा क्रमांक ओळखीचा नसेल तर तो कोड मागतो. तो कोड मोडेमच्या १५ आकडी आयएमईआय, म्हणजे ओळख, क्रमांकाशी बांधलेला असतो आणि बऱ्याच मोडेममध्ये ठरावीक वेळा चुकलं की कुलूप कायमचं बसतं. म्हणून अंदाजाने आकडे दाबत बसू नका, मैत्रिणीलाही दाबू देऊ नका. आणि कोड मिळाला तरी दुसऱ्या कंपनीची ३जी ज्या फ्रिक्वेन्सीवर चालते ती तुमच्या मोडेमला येतच नसेल, तर हातात २जी चा गोगलगाईचा वेग तेवढा राहील. त्यापेक्षा हे बघा : कुलूप मोडेमला आहे, यूएसबीच्या खाचेला नाही. दुसऱ्या कंपनीचं डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं मोडेम, तिथे लावा, बिनतक्रार चालेल. वायफायलाही कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र करार त्याने सुटत नाही. चौदा महिन्यांचं भाडं उरलंय. यंत्र नावाच्या किमतीत मिळालं म्हणजे उरलेली किंमत त्या भाड्यात घातलेली असते. आम्ही बिलिंगमध्ये त्याला कधी फुकट म्हणालो नाही. कराराच्या कागदात मुदतीआधी सोडण्याची रक्कम शोधा आणि ती चौदा महिन्यांच्या भाड्याशी ताडून बघा. काही कंपन्या ती रक्कम महिन्यागणिक कमी करत नेतात. तसं असेल तर दोन-चार महिने थांबून सुटणं स्वस्त पडेल.

बिलाबद्दल. भाड्याचा भाग मुदतीत भरा, म्हणजे लाइन तोडायला त्यांना निमित्त मिळणार नाही. जादा आकारणीवर मुदतीच्या आत लेखी हरकत घ्या. फोनवर नको. फोनवरच्या पोरीला तुमचं म्हणणं पटलं तरी तिच्या हातात काही नसतं. पत्रात रागाचं अक्षरही नको, फक्त तीन प्रश्न घाला. प्रत्येक सेशन पूर्ण एमबीवर नेण्याचा नियम करारात कोणत्या कलमात आहे? ५ जीबी म्हणजे तुमच्याकडे किती एमबी? आणि तुम्हीच दिलेल्या सॉफ्टवेअरचा आकडा तुमच्या बिलाशी जुळत नसेल तर ग्राहकाने कशावर विश्वास ठेवायचा? सोबत वहीच्या पानाची प्रत लावा. तक्रार क्रमांक मागून घ्या. मी तिथे होतो तेव्हा असा तिसरा प्रश्न विचारणारं पत्र वरच्या साहेबाच्या टेबलावर जायचं, कारण त्याला तयार उत्तर नव्हतं. पहिल्या खेपेची जादा रक्कम अशा पत्रांवर बऱ्याचदा माफ व्हायची. तुमच्या कंपनीत होईल याची हमी मी देत नाही. पूर्ण एमबीवर नेण्याचा नियम बारीक अक्षरात असेलच, पण दोन मापांचं काय, हे त्यांना लिहून द्यावं लागेल.

राहिलं ते पडद्याखाली गेलेलं बटण. २००७ मध्ये एसूसचं सात इंची ई-पीसी आलं, २००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसर काढला आणि नेटबुकांची रीघ लागली, पण प्रोग्रॅम लिहिणारे पडदा ठिपक्यांच्या ७६८ ओळी उंच असेल असं धरूनच खिडक्या बनवत राहिले. दहा इंची नेटबुकला त्या ६००च असतात. खालच्या १६८ ओळींत 'ओके' राहतं. दुसरा कोणी असता तर मी समजून घेतलं असतं, पण नेटबुक विकणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तेही नेमकं खर्चाला आळा घालणाऱ्या खिडकीत हे व्हावं, याला काय म्हणावं!

माउसने ती खिडकी वर राहणार नाही. आल्ट धरून स्पेसबार दाबा, छोटी यादी उघडेल. त्यात एम दाबा आणि वरचा बाण दाबून ठेवा. मथळा पडद्याबाहेर जाईल, जाऊ द्या. खालून बटण वर येईल. ते दाबण्याआधी मर्यादेच्या चौकटीत ५ लिहिलं असेल तर खोडा आणि ४ लिहा.