स्नॅपशॉटवर परत जायचं नाही

चि. पोरीस,

तुझा मेसेज वाचला. सातपूरच्या कंपनीत दिवसभर पासवर्ड रीसेट आणि प्रिंटर, सर्व्हरला कुणी हात लावू देत नाही. इंटरव्ह्यूत ‘मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबलं तर काय कराल?’ विचारल्यावर तुला काहीच सुचलं नाही. आणि आता कॉलेज रोडवरचा एक क्लास हप्त्यांवर क्लाउडचा कोर्स देतोय, तो करू का म्हणतेस. आत्ता करू नकोस. सर्टिफिकेटं तुझ्याकडे पुष्कळ झाली. मोडलेल्या मशीनसमोर तू बसलीच नाहीस.

8 जीबी रॅमचं जुनं डेस्कटॉप चालेल. व्हर्च्युअलबॉक्स टाक, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरं आभासी मशीन चालवता येतं. त्यात रॉकी किंवा अल्मा लिनक्स. जुन्या सेंटओएस 7 लिनक्सच्या नोट्स बाजूला ठेव, त्याचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला. एक जास्तीची व्हर्च्युअल डिस्क जोड, पार्टिशन कर, माउंट कर, म्हणजे एका फोल्डरला जोडून वापरात आण. आणि मग हे मशीन मुद्दाम मोड.

एफएसटॅब उघड, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी असलेली फाइल. त्या डिस्कच्या यूयूआयडीतलं, म्हणजे ओळख क्रमांकातलं, एकच अक्षर बदल आणि रीबूट कर. दीडेक मिनिट मशीन नसलेल्या डिस्कची वाट बघत बसेल, मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागेल. इथं तुझा हात स्नॅपशॉटकडे, मशीनच्या जपून ठेवलेल्या आधीच्या अवस्थेकडे, जाणार. एक क्लिक की सगळं पहिल्यासारखं! जायचं नाही. पासवर्ड दे, जर्नल, म्हणजे मशीनची नोंदवही, वाच, कुठलं माउंट अडलं ते शोध, बीएलकेआयडी कमांडनं खरा यूयूआयडी काढ, व्हीआय एडिटरमध्ये दुरुस्त कर, ‘माउंट -ए’ चालवून खात्री कर आणि मगच रीबूट. पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ दे.

मग एखाद्या चालू सर्व्हिसची भलीमोठी लॉग फाइल आरएम कमांडनं उडव. डिस्कवरची जागा सांगणारी डीएफ म्हणेल डिस्क भरलेलीच, फाइली मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र जुळणार नाही. फाइल उडवली, पण प्रोसेसनं ती अजून धरून ठेवलीय, म्हणून जागा सुटत नाही. हे वाचून डोक्यात राहत नाही गं. कुणी कुठली फाइल उघडी धरलीय ते दाखवणाऱ्या एलएसओएफमध्ये त्या फाइलपुढे ‘डिलीटेड’ स्वतः पाहिलंस, सर्व्हिस रीस्टार्ट करून जागा मोकळी झालेली पाहिलीस, की जन्मभर विसरणार नाहीस. इथंही स्नॅपशॉट नाही.

दिंडोरीत तुझे वडील द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला काडी कितव्या डोळ्यावर कापायची ते फळ्यावर शिकले का? हातात कात्री घेऊनच ना? मग तुला प्रोजेक्टरवर सर्व्हर कसा येईल?

क्लासवाले सांगतील, हल्ली सर्व्हर दुरुस्त करत नाहीत, पाडून नवा उभा करतात. मोठ्या ठिकाणी तसं चालतं, खरं आहे. पण नवा सर्व्हर त्याच चुकीच्या फाइलवरून उभा राहिला तर तो का पडला हे कोण सांगणार? 19 जुलै 2024 आठव. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीचं एक सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं 85 लाख विंडोज मशीन बसली. बऱ्याच ठिकाणी माणसांनी एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची फाइल हातानं काढली. ज्यांनी सेफ मोड कधी उघडलाच नव्हता, त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल?

माझ्या बॅचमध्ये पुन्हा इन्स्टॉल करायला बंदी होती. पालक यायचे, म्हणायचे, सर, शेजारच्या क्लासात अर्धा सिलॅबस झाला, आमच्या पोराचं पहिलंच मशीन अजून उठेना. पोरं सोडून गेली, बॅच बंद पडली. त्याची हळहळ आजही आहे. पण उद्या पुन्हा बॅच काढली तरी असंच शिकवीन. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्स अ‍ॅडमिनची परीक्षासुद्धा पर्याय निवडायला देत नाही, मशीन देते. वर रीबूटनंतर तुझं काम टिकलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. मी वेगळं काय सांगत होतो?

एवढं जमलं की रूटचा पासवर्ड विसरलीस असं समज आणि ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूतून, आत शिरून तो बदल. त्यात एक पायरी हमखास राहते आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. कोणती पायरी, ते मला फोन करून विचारू नकोस, मी सांगणार नाही. एसईलिनक्स या लिनक्समधल्या सुरक्षा यंत्रणेकडे बघ. आणि स्नॅपशॉटवर परत गेलीस तर मला कळेल, कारण मग ते का झालं हे तुला सांगता येणार नाही.

तुझा,
सर