घड्याळ बघून स्वयंपाक

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

कॅम्पसच्या भोजनगृहाचा कारभार हाती आला की जो तो तुला मेनू सुचवायला येईल. मेनू तूर्त बाजूला ठेव, आधी घड्याळ बघ. मोठ्या कँटीनचं अन्न चुलीवर क्वचितच बिघडतं. बिघडतं ते शिजून काउंटरवर ताटकळताना. हिरवी भाजी गरम ट्रेमध्ये झाकून राहिली की तिच्याच आम्लाने हिरवेपणा जाऊन मळकट रंग येतो. भात वरून वाळतो, तळलेलं मऊ पडतं. आचारी कितीही हुशार असो, इथे त्याची मात्रा चालत नाही.

म्हणून सगळं एकदम रांधू नकोस, बॅच पाड. दर दहा मिनिटांनी किती ताटं गेली ते दोन आठवडे वारानुसार लिहून काढ. भाज्या, मासे आणि तळणाची बॅच वीस मिनिटांत संपेल एवढीच असू दे. डाळी, सूप, रस्से तासभर सहज टिकतात, त्यांच्यामागे धावायची गरज नाही. ५३० × ३२५ मिलिमीटरचा ट्रे कमी-जास्त खोल मिळतो. भाजीसाठी ६५ मिलिमीटर खोल असलेलाच घे. खोल ट्रेमध्ये खालची भाजी वरच्या भाराने चेचते आणि स्वतःच्याच वाफेत शिजत राहते. शेवटच्या अर्ध्या तासाला निम्म्या आकाराचे ट्रे लाव. मोठ्या ट्रेच्या तळाशी राहिलेलं अन्न कितीही ताजं असलं तरी उरलंसुरलंच दिसतं.

बेन-मारी, म्हणजे काउंटरवरचे ट्रे ज्यात बसवतात ती गरम पाण्याची टाकी, अन्न गरम ठेवते, गरम करत नाही. थंड पदार्थ तिच्यात ठेवला तर तो कोमटच राहतो आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. अन्न आतून ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो ना, हे अधूनमधून तपास. भाताबाबत तर अजिबात ढिलाई नको. त्यातल्या बॅसिलस सेरेअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही तगतात, भात कोमट राहिला की विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. ठेवायचाच असेल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत आला पाहिजे. पातेल्यात झाकून हे होत नाही, उथळ ट्रेमध्ये पातळ पसरावा लागतो.

खुर्च्यांचा हिशेब सोपा आहे. ऐन गर्दीत मिनिटाला ३० जण येत असतील आणि प्रत्येक जण २५ मिनिटं बसत असेल, तर ७५० जण एका वेळी बसलेले असतात. पण चौघांच्या टेबलावर तिघंच बसतात, तेव्हा हजार खुर्च्या धर. रांग बहुधा सॅलडपाशी तुंबते, कारण तिथे प्रत्येक जण निवडत उभा असतो. ते टेबल भिंतीपासून सोडवून मधे आण, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं.

टाकलेलं अन्न रोज तीन डब्यांत वेगवेगळं तोल: निवडताना-चिरताना गेलेलं, काउंटरवर उरलेलं आणि ताटातलं उष्टं. सगळं एका डब्यात गेलं तर वजन कळेल, कारण कळणार नाही. काउंटरवर उरलं तर तुझा अंदाज चुकला. उष्टं वाढलं तर आधी वाढायचा डाव लहान करून बघ, आणि तरीही तेवढंच राहिलं तर आचाऱ्याला घेऊन तोच पदार्थ काउंटर बंद व्हायच्या वेळी दोघांनी चाखा.